सुट्टीचा दिवस, तलाव आणि गळ : कुकटपल्लीतल्या आपल्या कुटुंबांसाठी आणि गावच्या होडीमालकांसाठी एक पाठ



देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरच्या तालुक्यांतली कितीतरी घरं आज कामासाठी हैदराबादला आहेत. कोणी बालानगर-जीडिमेटलाच्या कारखान्यात, कोणी कुकटपल्लीत बांधकामावर, दुकानात, टेम्पोवर. त्यात आपल्या मच्छीमार घरांतली पोरंही आहेत. सहा दिवस काम आणि रविवारी सुट्टी. मग गळ बाहेर निघतो, लेकरं सोबत येतात आणि जवळचा तलाव गाठला जातो. खर्च नाही, पोरं खूश, आणि आपल्या धंद्याची आठवणही राहते. ही चांगलीच गोष्ट आहे.

दिवाळीला आणि मे महिन्यात हीच मंडळी गावी येतात. सोबत कॉलनीतले मित्र, त्यांच्या बायका, लहान मुलं असतात. "काका, एक चक्कर मारून आणा की" असं म्हटल्यावर आपल्या होडीमालकाला नाही म्हणवत नाही.

दोन्हीकडे धोका एकाच ठिकाणी आहे. आपल्या पोराला वाटतं, मी मच्छीमाराचा, मला पाणी कळतं. पण त्याला कळतं ते आपल्या तलावाचं पाणी. शहरातला तलाव वेगळा. आणि शहरातून आलेल्या पाहुण्याला आपला तलाव म्हणजे पोहण्याचा हौद वाटतो. म्हणून हा पाठ. यातली मुख्य गोष्ट एकच आहे: आधी पाणी वाचा, मग गळ टाका. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

१. कुकटपल्लीचे तलाव आले कुठून?

तेलुगूत तलावाला चेरुवू म्हणतात, लहान तळ्याला कुंटा. तेलंगणात हे तलाव एकेकटे नाहीत, साखळीने बांधलेले आहेत. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचं पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खालच्या. काकतीय राजांच्या काळापासून ही पद्धत तिथे रुजली. शेतीला पाणी, जनावरांना पाणी आणि मच्छीमाराला मासा, असा तिहेरी उपयोग.

कुकटपल्ली हे त्या वेळी शहराबाहेरचं गाव होतं. आज चारी बाजूंनी इमारती आहेत, २०१७ पासून वरून मेट्रो धावते, पण जुने तलाव अजून आहेत. आयडीएल तलाव बहुतेकांना माहीत आहे, कारण तिथे गणपती विसर्जन होतं. शेजारच्या आयडीएल कारखान्यावरून हे नाव पडलं, त्याचं जुनं नाव रंगधामुनी चेरुवू. दुसरा नल्ला चेरुवू. नल्ला म्हणजे काळा. प्रगतीनगरच्या बाजूला अंबीर चेरुवू आहे.

साखळीची पद्धत शेतीसाठी उत्तम होती. पण वस्ती वाढल्यावर तीच साखळी उलटी फिरली. वरून येणाऱ्या ओढ्यात पावसाच्या पाण्याबरोबर गटाराचं पाणी आलं, काही ठिकाणी कारखान्यांचंही. कुकटपल्ली नाला हे त्याचं ठळक उदाहरण. हा नाला वाहत जाऊन हुसेनसागरला मिळतो. हुसेनसागर सोळाव्या शतकातला, कुतुबशाही काळातला. त्यात मिळणाऱ्या चार मुख्य नाल्यांपैकी सगळ्यात जास्त घाण आणणारा म्हणून कुकटपल्ली नाल्याचं नाव घेतलं जातं.

सुधारणाही चालू आहे. तेलंगणा सरकारने जुलै २०२४ मध्ये हैड्रा नावाची यंत्रणा उभी केली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिने नल्ला चेरुवूच्या हद्दीतली बांधकामं काढली आणि पुढे त्या तलावाचं काम हाती घेतलं. तिथे 'एफटीएल' हा शब्द तुम्हाला पाटीवर दिसेल. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं, ती ती रेघ. आपल्याकडे धरणावर पूर्ण संचय पातळी म्हणतात, तेच. त्या रेघेच्या आत घर नको, दुकान नको आणि आपली चटई पण नको, कारण पावसाळ्यात पाणी तिथवर येणारच.

हे सगळं सांगायचं कारण असं, की काठावर फरशी, बाकं, दिवे आणि झाडं लागली म्हणजे तलाव बरा झाला असं नसतं. काठ माणसासाठी असतो. तलाव बरा झाला की नाही हे पाणी सांगतं आणि पाण्यातला मासा सांगतो.

२. पाणी वाचायचं कसं?

यंत्र लागत नाही. डोळे, नाक आणि हात पुरे. तलावावर पोचल्यावर आधी दहा मिनिटं काठाने चाला, लेकरांना सोबत घ्या आणि त्यांनाच विचारत जा.

पहिली खूण रंगाची. फिकट हिरवं किंवा मातकट पाणी चालतं. पोपटी रंगाचा जाड थर वर तरंगत असेल, रंगाच्या डब्यासारखा, तर ते शेवाळ अति झालंय. काळं किंवा राखाडी पाणी असेल तर तिथे गटार मिळालंय हे नक्की.

दुसरी खूण वासाची. तलावाला ओल्या मातीचा वास असतो. सडक्या अंड्याचा वास आला तर तळाला गाळ कुजतोय आणि तिथे प्राणवायू नाही. रॉकेल किंवा औषधासारखा वास आला तर थांबूच नका.

तिसरी खूण फेसाची. वाऱ्याच्या बाजूला थोडा फेस जमतो, तो लगेच फुटतो. पांढरा, उंच, न फुटणारा फेस म्हणजे साबणाचं आणि सांडपाण्याचं पाणी.

चौथी खूण जलपर्णीची. जांभळ्या फुलांची ही वनस्पती दिसायला सुंदर. पण ती वाढते ती सांडपाण्यातल्या खतावर. तिने पृष्ठभाग झाकला की खाली उजेड जात नाही, वारा पाण्याला लागत नाही आणि खालचा मासा गुदमरतो. शिवाय मुलांना ती हिरवळ वाटते. हिरवळ समजून पाय टाकला की खाली पाणीच.

पाचवी खूण हाताची. शेततळ्यात आपण करतो तीच. पाणी वरून बरं दिसत असेल तरच हात सरळ खाली बुडवा. कोपरापर्यंत हात गेल्यावर तळवा अंधुक दिसत असेल तर पाणी माशाला ठीक आहे. मनगट बुडताच तळवा गायब होत असेल तर पाणी फार घट्ट झालंय.

पाचपैकी दोन खुणा वाईट निघाल्या तर तिथे गळ टाकू नका आणि मुलांना पाण्यात पाय सोडू देऊ नका. काठावर बसा, डबा खा, पक्षी बघा आणि घरी जा. तोही रविवार चांगलाच गेला असं समजा.

३. मासा काय सांगतो?

सकाळी उजाडताना मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसले तर नवख्या माणसाला आनंद होतो. "बघा किती मासे!" आपल्या माणसाला मात्र काळजी वाटली पाहिजे. मासा भुकेने वर आलेला नसतो, श्वासासाठी आलेला असतो.

दिवसा उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री त्याच वनस्पती प्राणवायू खातात. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. रोहू, कटला, मृगळ यांना लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा. सलग ढगाळ दिवस, उन्हाळ्यात उतरलेली पातळी किंवा पहिल्या पावसात एकदम आलेलं घाण पाणी, या तीन वेळी तो झपाट्याने घटतो आणि एका रात्रीत मासा मरतो.

पाणी कमी आणि घाण जास्त झाली की असं होतं. त्यात कारखान्याचं पाणी आलं तर होत्याचं नव्हतं होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये हैदराबादच्या बाहेर पटानचेरूजवळच्या गंडीगुडेम तलावात मोठ्या प्रमाणावर मासे मेले. तिथल्या मच्छीमारांच्या तोंडचा घास गेला. त्यांनीही आपल्यासारखंच बीज सोडलं होतं, राखण केली होती.

यातून घरच्यांसाठी नियम सोपा आहे. तलावात मेलेले मासे तरंगताना दिसले, एक-दोन नव्हे, बरेच, तर त्या तलावातला जिवंत मासाही घरी आणायचा नाही. आणि स्थानिक मच्छीमार दिसला तर त्याला सांगायचं. तो आपलाच भाऊ आहे.

४. तलाव कोणाचा? परवानगी कोणाची?

आपल्या तलावावर बाहेरच्याने येऊन जाळं टाकलं तर आपण काय म्हणतो? आधी विचार. तोच नियम तिकडे आपल्याला लागू.

तेलंगणात बहुतेक तलावांची मासेमारी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे आहे. मुदिराज, गंगपुत्र, बेस्ता या समाजांची माणसं त्यात आहेत. २०१६-१७ पासून सरकारने या संस्थांच्या तलावांत मोफत मत्स्यबीज सोडण्याची योजना चालवली. म्हणजे तलावातला रोहू, कटला हा कोणाच्या तरी वर्षाच्या कमाईचा आहे. तो बेवारस नाही.

विचारायला भाषेची अडचण नाही. हिंदी चालतं. पण त्यांच्या भाषेत विचारलं तर चेहरा खुलतो. आपल्या गळाला ते गालम म्हणतात, बघा शब्दही जवळचा आहे. "अन्ना, इक्कड गालम वेयोच्चा?" म्हणजे "दादा, इथे गळ टाकू का?" मरळ माशाला ते कोर्रमीनू म्हणतात, कटल्याला बोच्चे. एवढे चार शब्द पोरांना शिकवा.

जिथे मासेमारीला मनाई अशी पाटी आहे तिथे चर्चा नको. उद्यान केलेल्या तलावांवर आणि पिण्याच्या पाण्याच्या तलावांवर आधी पाटी वाचा, राखणदाराला विचारा. गंडीपेटचा उस्मानसागर १९२० चा, हिमायतसागर १९२७ चा. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर शहर वाचवायला ते बांधले गेले आणि शहराला पिण्याचं पाणीही त्यांनीच दिलं. तिथे बसा, फिरा, पण भांडी-कपडे, साबण, उष्टं यातलं काही पाण्यात जाता कामा नये.

फक्त बघायला जायचं असेल तर मियापूरच्या पुढचा अमीनपूर तलाव दाखवा. २०१६ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, शहरी तलावाला असा मान देशात पहिल्यांदाच. तिथे गळ नको, दुर्बीण असेल तर न्या. मासा खाणारे पक्षी किती प्रकारचे असतात हे मच्छीमाराच्या पोराला माहीत असलंच पाहिजे.

५. गळ : कोणता मासा कुठे?

परवानगी मिळाली, पाणी बरं निघालं, आता गळ. मुलांना शिकवताना या क्रमाने शिकवा.

कटला वरच्या थरात खातो. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं. त्याच्यासाठी गळ उथळ ठेवा. रोहू मधल्या थरात, कडेच्या वनस्पतीजवळ. मृगळ तळाला चरतो, त्याचं तोंड खालच्या बाजूला. त्याला शिसं लावून गळ तळाला टेकवा. तोंड बघून जेवणाची जागा ओळखायची, ही गोष्ट मुलं कधी विसरत नाहीत. एकाच तलावात तिन्ही मासे एकमेकांचं न खाता का वाढतात आणि आपण तिन्हींचं बीज मिसळून का सोडतो, तेही याच धड्यात येतं.

आमिष घरचंच करा. कणीक, भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड मळून घट्ट गोळी केली की कार्प जातीला पुरे. चिलापी कणकेवरही लागते, गांडुळावरही. मरळ शिकारी, त्याला जिवंत हालचाल लागते.

मरळीबद्दल थोडं जास्त सांगतो. हा मासा पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतो, म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यातही जगतो. तेलंगणाचा हा राज्य मासा आहे. मृगाच्या वेळी हैदराबादला नामपल्लीच्या मैदानावर दम्याच्या रुग्णांना मासळीचा प्रसाद देतात, त्यात मरळीचं लहान पिल्लू वापरतात. त्या दिवशी शहरात मासळीला मोठी मागणी असते. आपल्याकडे मृग लागला की शेतकरी आभाळाकडे बघतो, तिकडे लोक मासळी बाजाराकडे.

पावसाळ्यात उथळ पाण्यात लालसर बारीक पिल्लांचा पुंजका एकत्र फिरताना दिसतो. ती मरळीची पिल्लं. आई-बाप खालीच राखण करत असतात आणि पुंजक्याजवळ काही हललं की झडप घालतात. त्यामुळे त्या वेळी त्यांना गळाला लावणं फार सोपं असतं. सोपं आहे म्हणूनच करायचं नाही. एक जोडी मारली की पुंजका तासाभरात इतर माशांच्या पोटात जातो. मुलांना तो पुंजका लांबून दाखवा. आई-बाप पिल्लं राखतात हे एकदा बघितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

लहान मुलांच्या हाती उलटा काटा असलेला गळ देऊ नका. पकडीने काटा दाबून टाका. मासा सुटेल, पण बोटात रुतला तर लगेच निघेल. गळ फेकताना मागे कोणी नाही हे बघून फेकायचं, हे पहिल्या दिवशीच अंगवळणी पाडा.

आणि तंगूस. तुटलेली तंगुसाची दोरी पाण्यात किंवा झुडपात सोडून यायची नाही. बगळ्याच्या, पाणकोंबडीच्या पायात ती अडकते, म्हशीच्या पोटात जाते आणि वर्षानुवर्षं कुजत नाही. एक रिकामी बाटली सोबत ठेवा, तुटका तंगूस त्यात भरा.

६. धरलेला मासा : खायचा की सोडायचा?

हा प्रश्न गावात येत नाही, कुकटपल्लीत येतो. आमचं मत स्पष्ट आहे. शहराच्या मधोमध असलेल्या, सांडपाणी मिळणाऱ्या तलावातला मासा खेळापुरता धरा आणि सोडा. ताटात घेऊ नका. मासा ज्या पाण्यात राहतो ते पाणी त्याच्या अंगात उतरतं, आणि तळाला चरणाऱ्या माशात गाळातलं सगळं येतं. तळून, उकळून जंतू मरतात, कारखान्याचं रसायन जात नाही. खायचा मासा मुशिराबादच्या रामनगर मासळी बाजारातून किंवा ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्या. कल्ले लाल, डोळा फुगीर, दाबल्यावर मांस वर येणारं, ही परीक्षा तुम्हाला शिकवायला नको.

सोडायचा मासा नीट सोडा. आधी हात ओले करा. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. गळ हळू काढा, फोटो झटपट घ्या, मासा फेकू नका, पाण्यात धरून ठेवा, तो स्वतः निघून जाईल.

दोन मासे मात्र धरल्यावर पुन्हा सोडायचे नाहीत. एक थाई मांगूर. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, कारण तो आपले देशी मासे खाऊन संपवतो. दुसरा सकर, अंगावर खवल्यांच्या जागी काटेरी कवच असलेला. काचेच्या पेटीतली घाण खायला म्हणून लोकांनी तो आणला, मोठा झाल्यावर तलावात टाकला. आज तो उजनीतही सापडतो आणि तेलुगू भागातही. जाळी फाडतो, बाजारात कोणी घेत नाही. म्हणून कुकटपल्लीतल्या घराघरांत सांगा: पेटीतला मासा नकोसा झाला तर तलावात सोडून पुण्य मिळत नाही, मच्छीमाराचं नुकसान होतं.

७. काठावरची लेकरं

तलावात बुडणारी मुलं बऱ्याचदा पोहायला गेलेली नसतातच. ती पाय धुवायला, चप्पल काढायला, चेंडू आणायला गेलेली असतात.

तलावाचा तळ आता पूर्वीसारखा उतरता राहिलेला नाही. गाळ काढण्याची कामं झालीत, मुरूम उपसला गेलाय. आपल्याकडेही आणि तिकडेही. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की थेट दोन पुरुष खोल खड्डा. वरून काहीच दिसत नाही. म्हणून आपल्या सभासदांना विनंती: आपल्या तलावात जेसीबीने कुठे उपसा झालाय हे आपल्याला माहीत आहे. पाणी चढण्याआधी त्या जागी बांबू रोवा, लाल फडकं बांधा.

दुसरी गोष्ट फासजाळ्याची. आपण संध्याकाळी जाळं लावतो, सकाळी काढतो. पाहुण्याला ते दिसत नाही. पोहणाऱ्याचा पाय त्यात गुंतला तर चांगला पोहणाराही बुडतो. जिथे जाळं आहे तिथे रंगीत डबा तरंगता ठेवा आणि पाहुणे आले त्या दिवशी त्या बाजूला कोणाला जाऊ देऊ नका.

तिसरी गोष्ट राखणीची. दहा मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून नाव घेऊन सांगा: आता अर्धा तास मुलांवर लक्ष वहिनीचं, पुढचा अर्धा तास भाऊजींचं. ज्याची पाळी त्याच्या हातात मोबाईल नको, आणि दारू प्यालेल्या माणसाला ही पाळी द्यायची नाही.

८. होडीमालकांनो, तुमच्यासाठी

१८ जानेवारी २०२४. वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हती.

२१ मे २०२४. आपल्या उजनीत, कुगावहून कळाशीला जाणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. ६ जण गेले, त्यात लहान मुलंही होती. एक जण पोहून काठाला लागला.

पहिला तलाव शहराच्या मधोमध होता, दुसऱ्या ठिकाणी रोजचा रस्ता होता. म्हणजे जागा लहान आहे किंवा वाट ओळखीची आहे याने कोणी वाचत नाही. जीव वाचतो तो अंगातल्या जॅकेटने, मोजक्या माणसांनी आणि वारा बघून परत फिरण्याने.

आपली होडी मासेमारीची आहे. मासेमारीचा परवाना हा प्रवासी नेण्याचा परवाना नव्हे. पैसे घेऊन लोक फिरवायचे तर त्याची परवानगी, होडीची तपासणी आणि विमा वेगळा लागतो. अंतर्देशीय जहाजांसाठी २०२१ चा कायदा आहे. ज्यांना हा जोडधंदा खरोखर करायचा आहे त्यांनी संस्थेकडे नाव द्या, रीतसर मार्गाने अर्ज करू. ज्यांना घरच्या पाहुण्याला एक चक्कर मारायची आहे, त्यांनी किमान एवढं पाळा:

- जॅकेट अंगात आणि बंद बांधलेलं. होडीत ठेवलेलं जॅकेट म्हणजे जॅकेट नाही. मुलाचं जॅकेट मुलाच्या मापाचं, मोठ्याचं घातलं तर ते डोक्यावरून निघून जातं.
- जेवढी जॅकेट तेवढीच माणसं. होडी त्याहून कमी माणसांची असेल तर होडीच्या मापाने.
- माणसं बसूनच राहतील. फोटोसाठी सगळी एका बाजूला सरकली की होडी कलंडते. उजन्या-हरण्या वाचून पाहुणा घाबरला तरी चालेल, पण हे निघण्याआधी सांगा.
- एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर पाहुण्याला घेऊन मधोमध जायचं नाही. वळीव सांगून येत नाही. क्षितिजावर धूळ उठली, वारा एकदम पडला किंवा गार झुळूक आली की तोंड काठाकडे.
- थर्माकोलचा तराफा आणि ट्यूब ही आपल्या कामाची साधनं. त्यावर पाहुण्याचं लेकरू बसवायचं नाही. हसत नाही म्हणा, पण नाही म्हणा.

पाहुणा रुसला तर दिवाळीपर्यंत विसरतो. दुसरं काही झालं तर आयुष्यभर आपण आपल्याच गावात मान वर करू शकणार नाही.

९. कोणी बुडत असेल तर

उडी मारू नका. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघं जातात. आधी फेका: दोरी, रिकामा पाच लिटरचा कॅन, घागर, ट्यूब. हात पोचत असेल तर काठी, बांबू, साडी पुढे करा, आणि स्वतः काठावर पालथं पडून करा.

बाहेर काढल्यावर श्वास बघा. श्वास नसेल तर पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही. जुन्या लोकांनी केलं असेल, पण त्यात मोलाची मिनिटं जातात. उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक धरून तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोराने दाबा, पुन्हा २ श्वास. मदत येईपर्यंत हेच चालू. तेवढ्यात दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. ही रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये हैदराबादलाच सुरू झाली, आज आपल्याकडेही हाच नंबर आहे. ११२ ही चालतो. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात पाणी गेलेलं असेल तर काही तासांनी त्रास वाढू शकतो.

घरी करायचा अभ्यास

कुकटपल्लीतल्या मंडळींनी पुढच्या रविवारी गळ न नेता एकदा तलावावर जावं. पाच खुणा मुलांकडून तपासून घ्याव्यात आणि वहीत लिहून काढाव्यात. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच तलाव, पुन्हा त्याच पाच खुणा. दोन-चार महिन्यांत पोराला पाणी कळायला लागेल. जाळं विणणं त्याला आलं नाही तरी चालेल, तो तिकडे दुसरं काम शिकतोय. पण पाणी बघून ते कसं आहे हे ओळखणं हा आपल्या घराचा वारसा आहे, तो शहरात गेला म्हणून तुटायला नको.

गावच्या होडीमालकांनी सुट्ट्या लागायच्या आत आपल्याकडची जॅकेट मोजावीत, बंद आणि टाके तपासावेत, आणि किती कमी पडतात तो आकडा संस्थेच्या कार्यालयात कळवावा. सगळ्यांनी मिळून घेतली तर स्वस्त पडतील.

खुणांच्या वहीचे फोटो पाठवा, चांगल्या नोंदी आपल्या पानावर टाकू. मुलांचं नाव मात्र त्यांच्या आई-वडिलांना विचारूनच.

आपले,
सचिव आणि संचालक मंडळ